मास्तरांचा शर्ट

मेलेल्या माणसांशी इतके घरोब्याचे संबंध असलेला माणूस अख्ख्या नागपुरात माझ्या साडूंखेरीज दुसरा झाला नसेल. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, सदर भागात औषधांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहणारे, अंगाने काटक आणि मनाने सरळ गृहस्थ. पण डोक्यावरच्या टोपीपासून पायांतल्या मोज्यांपर्यंत त्यांच्या अंगावर जे जे असे, ते कुणातरी वारलेल्या माणसाचं असे. परिस्थिती वाईट होती म्हणावं तर तसंही नव्हतं. पेन्शन येत होती, मूलबाळ नव्हतं, खर्च बेताचा. पण नवा कपडा घालायची त्यांना भीती वाटे. संकोच नव्हे, कंजुषी नव्हे, चक्क भीती. सहा भावांत ते सहावे, त्यामुळे पाच जणांच्या अंगावरून उतरलेला सदरा त्यांच्या वाट्याला यायचा. "मले कपडा कधी एकटा भेटलाच नाही गा," ते मला सांगत. "नेहमी त्यात कोनी ना कोनी असेच. आता या वयात रिकाम्या कपड्यात एकटा कसा जाऊ?"

ह्या सगळ्यात खरी पंचाईत ताईंची होती. ताई म्हणजे त्यांच्या पत्नी, माझी मोठी मेहुणी. बिचारीने चाळीस वर्षं परक्या पुरुषांचे शर्ट धुतले, वाळवले, इस्त्री केले, आणि नवऱ्याचं असं म्हणायला घरात एक चिंधीही नव्हती. लग्नातला कोटसुद्धा एका वारलेल्या नायब तहसीलदारांचा. लग्नाच्या फोटोत नवरदेव वधूकडे अशा नजरेने बघतायत की आता हिच्या अर्जावर काय शेरा मारावा. तो फोटो ताई येईल त्याला दाखवत आणि हसत. पण एकदा माझ्या बायकोजवळ त्या वेगळंच बोलल्या. "बाकीच्या बायांचं बरं हाये वं. माणूस गेला तं त्याचा शर्ट छातीशी धरून रडता येते. उद्या हे गेले तं मी कोनाचा शर्ट धरू? ज्याले हात लावीन त्यातून दुसराच कोनी बोलीन. मले ह्यायचा एक कपडा पाह्यजे. एकच. ज्यात फक्त हे असतीन." तेव्हापासून माझ्या बायकोने ते मनावर घेतलं. दिवाळी, वाढदिवस, निवृत्ती, प्रत्येक निमित्ताने आम्ही नवा शर्ट नेत असू. साडू तो दोन्ही हातांनी घेत, घडी उलगडत, गळ्यातून आत डोकावून बघत, अंगावर काटा आल्यासारखे शहारत आणि पुन्हा नीट घडी घालून आम्हाला परत देत.

सकाळी पेपर आला की ते आधी निधनवार्तांचं पान उघडत. नुसत्या फोटोवरून त्यांना माप कळे. "चाळीस छाती. खांदे उतरते. लय सोसलं ह्यानं," असं म्हणून चष्मा काढून ठेवत, आंघोळ करत आणि ओळख असो वा नसो, त्या घरी बसायला जात. हावरेपणाचा आरोप त्यांच्यावर कुणी करू शकलं नसतं, कारण ते तिथे खरोखर रडत आणि कधी काही मागत नसत. पण आपल्याकडे गेलेल्याचे कपडे तेरवीच्या आत घराबाहेर काढायचे असतात, आणि ज्या बाहीला धरून आपण रस्ता ओलांडायला शिकलो ती बाही कुणा अनोळख्याच्या हातात द्यायला जीव धजत नाही. अशा वेळी कुणीतरी सदरमधल्या ह्या गृहस्थांचं नाव सुचवी. मग निरोप येई आणि साडू पिशवी घेऊन जात.

आणलेला कपडा ते लगेच अंगात घालत नसत. तीन दिवस तो पाहुणा. बैठकीतल्या वेताच्या खुर्चीत त्याला नीट बसवायचं, बाह्या खुर्चीच्या हातांवर ठेवायच्या, दोन वेळा समोर चहा ठेवायचा आणि चार गोष्टी बोलायच्या. मी नवा जावई असताना पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो आणि चांगली खुर्ची दिसली म्हणून टेकलो. "अरे उठ, उठ! जजसाहेब बसले हायेत!" साडू ओरडले. मी ताडकन उठलो. खुर्चीत एक राखाडी स्वेटर होता. साडूंनी माझ्या वतीने त्याची माफी मागितली, मुलगा नवीन आहे, वाईट वाटून घेऊ नका म्हणाले. मला हसू आवरत नव्हतं, पण एक गोष्ट मी तेव्हा बोललो नाही. मी जेमतेम टेकलो होतो, आणि तेवढ्यात माझ्या पाठीला आतून ऊब लागली होती. चौथ्या दिवशी साडू कपड्याला विचारत, "राहता का जाता?" उत्तर त्यांनाच ऐकू येई. एका हिवाळ्यात फुटपाथवरच्या गठ्ठ्यातला एक परदेशी ओव्हरकोट त्यांनी आणला होता. तो मात्र तिसऱ्याच दिवशी परत केला. "त्याले मराठी समजत नाही, हिंदी समजत नाही. नुसता खिडकीतून बर्फाकडे पाहून राहिला," ते म्हणाले. खिडकीबाहेर औषधाच्या दुकानाची पाटी होती.

आणि कपडा राहिला की त्यातला माणूसही थोडाफार राही. एसटीच्या एका ड्रायव्हरचं जाकीट घालून ते माझ्या स्कूटरवर मागे बसले की सिग्नल आला रे आला, उजवा पाय कचकन दाबत. एका होमिओपॅथची पँट चढवली की समोरच्याला जीभ दाखवायला सांगत. हे सगळं आम्ही चवीने एकमेकांना सांगत असू. पण त्यांचा एक चौकड्यांचा बुशशर्ट होता, तो घातला की त्यांना डाव्या बाजूने मारलेली हाक ऐकू येत नसे. ताई वैतागून जात. पुढे एका लग्नाच्या पंगतीत त्या बुशशर्टवाल्या गृहस्थांचा मुलगा माझ्या शेजारी बसला होता. बोलता बोलता म्हणाला, बाबांशी नेहमी उजवीकडून बोलावं लागायचं, लहानपणीच कान गेला होता.  मी साडूंना विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं होतं का? "मले काय माहीत?" ते म्हणाले. "त्या शर्टात डावीकडे शांत वाटते, एवढंच."

लकडगंजमधल्या एका लाकडाच्या व्यापाऱ्याचा पांढरा सदरा त्यांच्याकडे आला, तेव्हाची गोष्ट मी स्वतः पाहिलेली आहे. व्यापाऱ्याच्या बायकोचा निरोप आला, एकदा संध्याकाळी साडेसहाला तो सदरा घालून आमच्या घरावरून जा. साडूंना एकट्याला अवघड वाटलं म्हणून मी सोबत गेलो. कोपऱ्यावरच्या पानठेल्यापाशी ते आपोआप थांबले. ठेलेवाल्याने मान खालीच ठेवून, न विचारता सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटला, पुडी बांधली आणि हात पुढे केला. मग त्याने वर पाहिलं. त्याचा हात तसाच हवेत राहिला. साडू आयुष्यात कधी खर्रा खात नव्हते, पण त्यांनी पुडी घेतली आणि खिशात टाकली. पुढे त्या घराच्या फाटकाशी येऊन त्यांनी दोनदा खाकरल्यासारखं केलं. वरच्या खिडकीत एक बाई उभी होती. तिने पदर सावरला आणि आत वळून कुणाला तरी म्हणाली, "पानी ठेव वं, आले." आम्ही थांबलो नाही. परत येताना मी मुद्दाम साडूंच्या चेहऱ्याकडे पाहत नव्हतो, कारण चेहरा दुसराच निघाला असता तर मला तिथून घरापर्यंत एकट्याने यावं लागलं असतं.

लोक नावं ठेवायचे, तो काळ मी पाहिला आहे. लग्नकार्यात त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी राही, आणि 'मढ्याचे कपडे' हा शब्द त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलला जाई. मग काळ बदलला. माझी लेक कॉलेजात गेली आणि तिने मोबाईलवर जुन्या कपड्यांचं दुकान काढलं. ज्या काकांच्या मांडीवर बसायला ती लहानपणी घाबरायची, त्यांच्या घरी आता तिच्या मैत्रिणी चपला काढून रांगेत उभ्या राहू लागल्या. व्हिंटेज काय, प्री-लव्ह्ड काय! साडूंनी त्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ विचारला. आधी कुणीतरी जीव लावलेला, असं लेकीने सांगितलं. "हे तं मी चाळीस वर्षांपासून सांगून राहिलो!" ते म्हणाले. पण नायब तहसीलदारांच्या कोटाला एका मुलीने मागाल ती किंमत देऊ केली, तेव्हा साडूंनी तिला एवढंच विचारलं, "नेशील पोरी, पन बोलशील का त्याच्याशी?" ती जरा हसली आणि कोट न घेताच गेली.

मी स्वतः ह्या बाबतीत अगदी दुसऱ्या टोकाचा. कॉलर मऊ पडली की शर्ट टाकणारा, ब्रँडचं नाव दिसेल अशा बेताने उभा राहणारा. एकदा मी त्यांना मॉलमध्ये घेऊन गेलो. मला एक जाकीट घ्यायचं होतं, त्याची किंमत साडूंच्या महिन्याच्या पेन्शनएवढी होती. शर्टांच्या लांबलचक रांगांमध्ये ते उभे राहिले. एसीच्या वाऱ्याने शेकडो बाह्या एकाच वेळी किंचित हलल्या. साडूंनी माझं मनगट धरलं, त्यांचा तळवा गार पडला होता. "एवढे कपडे, आन् एकातही कोनी नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "चाल गा, बाहेर चाल. हे आपल्याकडे पाहून राहिले. ह्यायले कोनी तरी पाह्यजे." मी हसून जाकीट घेतलंच. पण त्यानंतर कित्येक दिवस मी कपाट उघडण्याआधी खाकरत असे.

शेवटी शक्कल ताईंनीच काढली. "हे नवा घालत नाहीत ना? मंग नवाच शिवू आन् जुना म्हून देऊ." सदरमधल्या मोठ्या दुकानातून फिकट बदामी कापड आणलं. टेलरला दम दिला, की शर्ट शिवताना कुणाच्याही खांद्याला लावून पाहायचा नाही. घरात आम्ही तो चिमटीत धरूनच हाताळत होतो, कारण आमच्यापैकी कुणीही त्यात जाता कामा नये अशी ताईंची सक्त ताकीद होती. मग त्याला म्हातारं करण्याचं काम सुरू झालं. पंधरा वेळा धुतला. नागपूरच्या मे महिन्यात गच्चीवर वाळत घातला, आणि दुसरीकडच्या उन्हाला वर्षात जमत नाही ते आमचं ऊन आठवड्यात करून दाखवतं. टाचा घासायच्या वजरीने कॉलर घासली. एक बटण तोडून वेगळ्याच रंगाचं लावलं. माझी लेक म्हणाली, मोठमोठ्या कंपन्या जीन्सला हेच करतात आणि दुप्पट पैसे घेतात. ताईंना ते खरं वाटलं नाही.

आता ह्या शर्टाला एक मेलेला माणूस हवा होता. एका दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलाभोवती बसून आम्ही तो तयार केला. मी त्याला नरखेड तालुक्यातलं एक गाव दिलं, शाळामास्तरकी दिली आणि संत्र्याची थोडी झाडं दिली. बायकोने त्याला झोपेत शांत मरण दिलं. ताई आधी गप्प होत्या. मग म्हणाल्या, "संध्याकाळी बायकोले घेऊन फिरायले जायचे." थोड्या वेळाने म्हणाल्या, "जेवताना म्हनायचे, भाजी चांगली झाली." आणि आणखी थोड्या वेळाने, टेबलावरची भेग नखाने कोरत, "तिले नावानं हाक मारायचे." चाळीस वर्षांत साडूंनी ताईंना 'अवं' आणि 'आयकलं का' ह्यापलीकडे काही म्हटलं नव्हतं. 

शर्ट मी नेऊन दिला. ऑफिसातल्या एकाचे मामा होते, मास्तर, असे असे होते, म्हणून ठरलेलं सगळं घडाघडा बोललो. साडूंनी कॉलर नाकाशी नेली, डोळे मिटले आणि बराच वेळ तसेच बसले. "मास्तर होते म्हनतोस?" "हो." "बरं," ते म्हणाले आणि माझ्याकडे नको तितका वेळ पाहिलं. शर्ट खुर्चीत बसला. पण ताई सांगतात, त्या तीन दिवसांत साडू त्याच्याशी अवाक्षर बोलले नाहीत. नुसते समोर बसून पाहत राहिले. दुसऱ्या दुपारी ते उठले, उजव्या बाहीत कोपरापर्यंत हात घातला आणि एकदम बाहेर काढून पुसला. चहा त्यांनी शर्टासमोर ठेवला नाही, स्वतःच प्यायला.

चौथ्या दिवशी संध्याकाळी माझ्या बायकोचा फोन वाजला. ताई कुजबुजत होत्या. "वं, मास्तर आला." साडूंनी शर्ट घातला होता, त्यांना नावाने हाक मारली होती आणि फुटाळा तलावावर फिरायला चला म्हणाले होते. ते नाव मी इथे लिहीत नाही, ते त्या दोघांचं आहे. मग हे रोजचंच झालं. भाजी चांगली झाल्याचं कळू लागलं. ताई पाच वाजताच धुतलेली साडी नेसून तयार राहू लागल्या, आणि तो शर्ट रोज सकाळी धुऊन दुपारपर्यंत वाळवू लागल्या, कारण दुसरा कुणाचा शर्ट अंगात असला की साडू पुन्हा पहिल्यासारखे मुके होत. आम्ही ताईंना चिडवलं, की ह्या वयात परक्या मास्तरांबरोबर तळ्यावर जाता! त्या लाजल्यादेखील. पण एक दिवस त्या आमच्याकडे आल्या तेव्हा चेहरा उतरला होता. फुटाळ्याच्या काठावर साडूंनी संत्रं सोललं होतं, फोडीफोडीवरचे पांढरे दोरे काढले होते आणि फोडी त्यांच्या तळहातावर ठेवल्या होत्या. "मास्तराचं मी मनात असंच ठरवलं होतं," ताई म्हणाल्या. "पन हे तुमाले कोनालेच सांगितलं नव्हतं. त्याले कसं कळलं?"   आपण टेबलाशी बसून बनवलेला माणूस खरोखर कुठून तरी चालत आला की काय, असं मला त्या क्षणी मनापासून वाटलं. ताई रडू लागल्या. "ह्यायच्यासाठी एक शर्ट शिवला भाऊ, आन् त्यात बी दुसराच येऊन बसला. हे तं कुठंच नाहीत."

पुढच्या हिवाळ्यात साडूंच्या छातीचं दुखणं वाढलं आणि त्यांना दवाखान्यात ठेवलं. दुपारी मी त्यांच्याजवळ बसत असे. दवाखान्याचा हिरवा झगा त्यांना अजिबात मानवला नव्हता. "लय गर्दी हाये गा ह्याच्यात," ते म्हणत. "कोनी कन्हते, कोनी आईले बोलावते. झोप येऊ देत नाहीत." एक दिवस ते म्हणाले, "उद्या येशीन तं माहा शर्ट घेऊन ये." त्यांच्या तोंडून कुठल्या कपड्याला 'माहा' म्हटलेलं मी प्रथमच ऐकत होतो. मी विचारलं, कुठला? "बदामी." मास्तरांचा? साडू हसले, त्यांना खोकला आला, आणि खोकला थांबेपर्यंत ते हसतच होते. "कोनता मास्तर? तीन दिवस बसून पाह्यलं. बाहीत हात घातला तं आत कोनी नाही. थंडगार. पयले लय भेव लागलं. मंग म्हटलं, एवढी जागा रिकामी हाये, तं आपनच राहून पाहू."

मग ते फिरायला जाणं? ते नावाने हाक मारणं? "तूच तं सांगितलं, मास्तर असे होते म्हून. मास्तराच्या नावावर खपून गेलं. माह्या नावावर लाज वाटे गा. चाळीस वर्षं झाली, आता एकदम नावानं हाक मारली तं तिनं काय समजावं?" मी संत्र्याचं विचारलं. "ते माहंच होतं," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. थोड्या वेळाने तसेच म्हणाले, "तिले सांगू नको. तिले तो मास्तर आवडते." शर्ट मी दुसऱ्या दिवशी नेला. झग्यावरूनच त्यांनी तो चढवला, आणि चौथ्या दिवशी ते गेले.

तेरवीच्या आधी ताईंनी कपाट रिकामं केलं. जजसाहेबांचा स्वेटर, ड्रायव्हरचं जाकीट, तो चौकड्यांचा बुशशर्ट, एकेक कपडा निघाला आणि त्यांनी तो शांतपणे लोकांच्या हातात दिला. काही माझी लेक घेऊन गेली. शेवटी दवाखान्यातून आलेली पिशवी राहिली. तिच्यातला बदामी शर्ट काढून ताई म्हणाल्या, "हा बी देऊन टाका भाऊ. मास्तराचा हाये." मला राहवलं नाही. साडूंना दिलेला शब्द मोडला आणि सगळं सांगून टाकलं, बाहीत घातलेला हात, रिकामी जागा, ती लाज, ते संत्रं. ताईंनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शर्ट मांडीवर घेऊन त्या बसल्या, कॉलरवरून अंगठा फिरवत राहिल्या, आणि मग त्यांनी तो उचलून चेहऱ्याशी धरला.  शर्टातूनच त्यांचा आवाज आला.

"मंग एवढा येळ काहून लावला गा त्यायनं?"

 ताईंनी शर्ट न धुता, तसाच आपल्या साड्यांच्या मध्ये ठेवला आणि कपाट लावून घेतलं.